सोनं सरकारजमा, बाकी सर्व क्षेम

मेलबर्न,
शुक्रवार, २७ सप्टेंबर २०२४

ती. आबा आणि ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

आधी आईसाठी. ओमला कुणीही मारलेलं नाही. फोटोत त्याचा ओठ फुटलेला दिसतोय, तो मागच्या अंगणात पडल्यामुळं. इथं कपडे वाळत घालायला छत्रीसारखा गोल फिरणारा खांब असतो. त्याला लोंबकळून गिरकी घ्यायची नाही असं त्याला रोज बजावते, म्हणजे तो रोज घेतो. आणि गळ्यात लाल-पांढरं दिसतंय ते बँडेज नव्हे गं, मफलर आहे. शेजारच्या आजीबाईंचं. तिकडं दिवेलागणीला तू देवापुढं निरांजन लावलंस की तुला आमची काळजी सुरू होते, आणि तेव्हा इकडं रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात. तुझा फोन आला तसे जावईबापू दचकून उठले आणि "कोण गेलं?" म्हणून विचारायला लागले.

त्या गोंधळात आबा मागून ओरडले ते मी ऐकलं. "हातात धरून पळतात त्याला फुटबॉल कोण म्हणतंय?" याचं उत्तर फोनवर देण्यासारखं नव्हतं, म्हणून पत्र. दादा छापून देईल. आई, मोठ्यानं वाच, पण काकी बसली असेल तर शेवटचं पान आधी मनात वाच.

आज निवांत आहे, कारण सुट्टी आहे. कसली ते सांगते. उद्या शनिवारी फुटबॉलचा अंतिम सामना आहे. तर सामन्याच्या आदल्या दिवशी सगळ्या व्हिक्टोरिया राज्याला सरकारी सुट्टी. २०१५ पासून चालू आहे हे. नोव्हेंबरात घोड्याच्या शर्यतीची एक सुट्टी असते, ती निराळी. दिवाळीला मात्र मला साहेबापुढं "कौटुंबिक कारण" सांगून अर्धा दिवस मागावा लागतो. तुमच्या नातवाला वाटतं की घोडा हा इथला देव असावा.

पार्सल मिळालं. म्हणजे, पार्सलातलं जे मिळायचं ते मिळालं.

कांदा-लसूण चटणी सुखरूप. भडंग सुखरूप, थोडं चुरलंय. सोबत एक सरकारी पत्र आलं, आणि ते चटणीपेक्षा झणझणीत आहे. त्यात लिहिलंय की आपल्या खोक्यात "धोकादायक जैविक पदार्थ" सापडले. कोणते? एक, गवारीचं बी. दोन, वाडीचे पेढे. तीन, "अज्ञात वनस्पतीची वाळलेली पानं, अंदाजे एक मूठ". आई, ती तुझी आपट्याची पानं. दसऱ्याचं सोनं सरकारजमा झालं.

पत्रात तीन वाटा दिल्या होत्या. माल स्वखर्चानं परत पाठवा, स्वखर्चानं त्याच्यावर प्रक्रिया करून घ्या, किंवा नष्ट करायला संमती द्या. प्रक्रियेचा आणि परत पाठवण्याचा खर्च विचारला, तर त्या पैशात दादा पेढे घेऊन स्वतः इथं येऊन, देऊन, परत गेला असता. मी फोन करून सांगून पाहिलं की पेढे प्रसादाचे आहेत, नरसोबाच्या वाडीचे, त्यांना कीड लागत नाही. पलीकडची बाई गोड बोलायची. तिनं विचारलं, "यात दूध आहे का?" आता पेढ्यात दूध नाही असं वाडीच्या पेढ्याबद्दल मी कसं म्हणू? आहे म्हटलं. संपलं. पानांबद्दल म्हणाली, "ही खातात का?" नाही म्हटलं, एकमेकांना देतात, सोनं म्हणून. त्यावर ती जरा थांबली आणि म्हणाली की मौल्यवान धातू असेल तर त्याचा अर्ज निराळा.

बेट आहे, शेती जपायची आहे, बाहेरची कीड नको, हे सगळं मला कळतं. ही माणसं बुटाला लागलेली मातीसुद्धा विमानतळावर विचारतात. पण नियम बरोबर असला म्हणजे राग येऊ नये असं कुठं लिहिलंय? पुन्हा पानं पाठवू नकोस. कागदाची कापून वाटू.

आता आबांचा सवाल.

शाळेत सुट्टीच्या आधी मुलांना एकेक जुना सामना दिला होता, तक्ता करायला. ओमच्या वाट्याला १८९९ चा अंतिम सामना आला, फिट्झरॉय विरुद्ध साउथ मेलबर्न. तक्ता अर्थातच मी केला. इडलीचं पीठ फुगेपर्यंत वाचत बसायचे, त्यामुळं आता मला इतकं येतं की जावईबापू माझ्यापुढं तोंड उघडत नाहीत.

आबा, तुम्हाला हे समजायला अर्धं मिनिट पुरे. हा पेठांचा खेळ आहे. १८९६ साली आठ क्लब जुन्या संघटनेतून फुटून निघाले आणि त्यांनी आपली नवी लीग मांडली. फिट्झरॉय, कॉलिंगवूड, कार्लटन, एसेंडन, साउथ मेलबर्न, सेंट किल्डा, मेलबर्न आणि जिलाँग. जिलाँग तेवढं बाहेरगाव, बाकी सगळ्या एकमेकींना चिकटलेल्या वस्त्या. आपल्या कोल्हापुरात पाटाकडील आणि दिलबहार या संघांचा सामना असला की शाहू स्टेडियमभोवती जे काय होतं, तेच इथं ट्रामभर व्हायचं. खेळायचे पैसे घ्यायला १९११ पर्यंत बंदी होती, कागदावर तरी. पोरं आठवडाभर कामावर जायची आणि शनिवारी पेठेची इज्जत राखायची.

हा खेळ इथलाच. टॉम विल्स नावाचा क्रिकेटवाला होता, त्यानं १८५८ साली वर्तमानपत्राला पत्र लिहिलं की हिवाळ्यात क्रिकेटपटू बसून जड होतात, त्यांच्यासाठी फुटबॉलचा क्लब काढा. पुढच्या वर्षी नियम लिहिले. मैदान म्हणून क्रिकेटचं घेतलं, ते गोल, लांबट. चेंडू पण लांबट. दोन्ही टोकांना चार-चार खांब, वर आडवी दांडी नाही, जाळं नाही, गोलकीपर नाही. हातात धरून पळता येतं, पण पळता पळता चेंडू जमिनीवर आपटावा लागतो. फेकता मात्र येत नाही. एका तळहातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीनं ठोसायचा, नाहीतर लाथ मारायची. आणि कुणाची उंच आलेली किक हवेत झेलली, की खेळ थांबतो आणि झेलणाऱ्याला निवांत किक मिळते. त्या झेलासाठी माणसं दुसऱ्याच्या खांद्यावर गुडघा देऊन वर चढतात. आई, हे मात्र तू वाचलंच नाहीस असं समज. ओमच्या वयाला ते करू देत नाहीत.

मधल्या दोन खांबांतून लाथेनं चेंडू गेला तर सहा गुण. नेम हुकून बाजूच्या खांबाकडून गेला तर एक. होय, हुकल्याबद्दल एक गुण! आबा, तुमचं तोंड मला इथून दिसतंय. पण थांबा, सगळी गंमत तिथंच आहे.

१६ सप्टेंबर १८९९, शनिवार. सेंट किल्डातलं जंक्शन ओव्हल. (हे मैदान फिट्झरॉय स्ट्रीटवर आहे, पण फिट्झरॉय स्ट्रीट फिट्झरॉयमध्ये नाही. सुरुवातीला मी या गावात याच्यामुळं चुकीच्या ट्राममध्ये बसले असते, पण जावईबापू आधीच बसून आले होते.) आदल्या वर्षी त्याच मैदानावर फिट्झरॉयनं एसेंडनला ३८-२३ असं हरवलं होतं, तेव्हा सोळा हजारांवर माणूस जमलं होतं. या वेळी पावसानं असं झोडपलं की पाच हजार सुद्धा आले नाहीत. त्याच वर्षी एका बाजूचे खेळाडू वीसवरून अठरा केले होते. बदली खेळाडू हा प्रकारच नाही, पाय मोडला तर सतरा जणांनी खेळायचं. चामड्याचा चेंडू पाणी पिऊन दगड झालेला, पायाखाली चिखल. असल्या मैदानावर चेंडू आपटून तो परत हातात यावा, ही अपेक्षा कुणी धरायची?

म्हणून सबंध सामन्यात फिट्झरॉयला तीन गोल, साउथ मेलबर्नला पण तीनच. आता हुकलेल्या मोजा. फिट्झरॉयच्या नऊ, साउथच्या आठ. म्हणजे २७ विरुद्ध २६. एका गुणानं अजिंक्यपद, आणि तो गुण जास्त चांगलं मारल्याचा नव्हे, एकदा जास्त हुकल्याचा! बरं, हुकल्याला गुण द्यायचा नियम येऊन तेव्हा जेमतेम तिसरा हंगाम होता. १८९७ च्या आधी असता, तर नुसते गोल मोजून सामना बरोबरीत सुटला असता आणि दोन्ही पेठा वाजतगाजत घरी गेल्या असत्या. फिट्झरॉयचा कप्तान होता अॅलेक स्लोन. लागोपाठ दुसरं अजिंक्यपद त्याच्या नावावर.

ओमनं तक्त्यावर ते नऊ हुकलेले नेम लाल स्केचपेननं काढले. गोल काढलेच नाहीत. बाई म्हणाल्या, गोल कुठं? हा म्हणाला, "ते दोघांचे सारखेच होते." पोरगं कुणावर गेलंय ते सांगायला नको, आबा.

पिंट्या नापास झाल्याचं वहिनीनं कळवलं. त्याला म्हणावं, खचू नकोस. इथं १९०० साली गुणतक्त्यात सहाव्या नंबरला असलेला मेलबर्नचा संघ अजिंक्य झाला, कारण तेव्हा आठच्या आठ संघांना बाद फेरीत घ्यायचे. लोकांनी एवढी ओरड केली की पुढच्या वर्षी पद्धतच बदलली. आणि १९१६ साली तर कहर. महायुद्धामुळं चारच संघ खेळत होते. त्यात फिट्झरॉय साखळीत शेवटी, तळाला. चार संघ म्हणजे चौघंही बाद फेरीत. तिथं हे पठ्ठे जिंकत गेले आणि एकाच वर्षी शेवटचेही आले, पहिलेही आले. अर्थात पिंट्याला हे सांगताना दादा खोलीत नसावा.

दादानं बुलेट विकली हे मला बंडूमामाकडून कळावं? आणि ते पण किती कमी किमतीत! मामा म्हणाला, घेणाऱ्यानं सायलेन्सर बदलून आणलाय आणि दादा आता गल्लीत आवाज आला की खिडकीत जाऊन बघतो. त्याला उगाच छळू नका. थोडं छळा.

मशीन थांबलं. कपडे वाळत घालून येते. ढग आलेत.

रविवार

कपडे परवाच वाळले, पत्र मात्र राहिलं.

काल सामना बघायला शेजारच्या आजीबाई आमच्याकडं आल्या. ऐंशीच्या पुढच्या आहेत, एकट्याच असतात. मफलर त्यांचंच. त्या साउथ मेलबर्नच्या, म्हणजे अंगानं, मनानं, आणि जन्मानं. मी पोहे केले होते. त्यांनी लिंबू पिळायच्या आधी तीनदा वास घेतला, आणि मग दोन बशा खाल्ल्या. मैदानात एक लाखाच्या वर माणूस. तिकीट काढून जायचा विचार जावईबापूंनी एकदा मोठ्यानं केला होता. आकडा ऐकल्यावर मी एवढंच म्हणाले, की या पैशात कोल्हापूरला जाण्या-येण्याचं निम्मं विमानभाडं सुटेल. विषय बंद.

आता ऐका, आबा. काल कोण खेळलं माहितीय? ब्रिस्बेन आणि सिडनी. मेलबर्नच्या खेळाचा अंतिम सामना मेलबर्नमध्ये, आणि मेलबर्नचा एकही संघ नाही. पण आजीबाई म्हणतात, तसं नाही ते. हा सिडनीचा संघ म्हणजेच साउथ मेलबर्न. पैशाची तंगी झाली, म्हणून १९८२ साली क्लब उचलून सिडनीला नेला. आणि फिट्झरॉय कर्जात बुडत गेला, १९९६ च्या अखेरीस त्याला ब्रिस्बेनच्या संघात मिसळून टाकलं. म्हणजे १८९९ च्या पावसात जे दोघं भिडले होते, तेच बरोबर १२५ वर्षांनी पुन्हा अंतिम सामन्यात समोरासमोर, दोघंही घर सोडून गेलेले, दुसऱ्याच गावाच्या नावानं खेळणारे.

फिट्झरॉय या नावाचा शेवटचा सामना पण घरी झाला नाही. १ सप्टेंबर १९९६ ला पर्थमध्ये झाला, खंडाच्या दुसऱ्या टोकाला, आणि दणकून हरले. ते वाचताना मी तक्त्यावर गोंद लावत होते. गोंद वाळला तरी मी तशीच बसून होते.

मी आजीबाईंना विचारलं, संघ सिडनीला गेला तेव्हा तुम्ही काय केलंत? म्हणाल्या, दोन वर्षं मॅच बघितली नाही. बहिणीनं तर मरेपर्यंत बघितली नाही. मग एका शनिवारी इस्त्री करताना रेडिओ लावला, तर मी आपल्याच लोकांसाठी ओरडत होते. एवढंच सांगून त्यांनी अजून पोहे आहेत का विचारलं.

काल १८९९ चं उट्टं काही निघालं नाही. ब्रिस्बेन १२०, सिडनी ६०. मध्यंतरालाच सगळं कळून चुकलं होतं. आजीबाई उठल्या, आमच्या अंगणात गेल्या आणि खिशातली छोटी कात्री काढून माझ्या गुलाबाची सुकलेली फुलं छाटायला लागल्या. कात्री घेऊन आल्या होत्या, म्हणजे निकालाची तयारी घरूनच होती. ओम त्यांच्यामागं बादली घेऊन. मी आतून हाक मारली, सिडनीचा गोल झाला. "बघितलेत मी गोल," म्हणाल्या.

आबा, रविवारी तुम्ही मला स्टेडियमवर न्यायचा, रुमालात शेंगा बांधून. शेंगा मी खायची आणि फोलपटं तुमच्या खिशात. पोरीला कशाला नेताय म्हणून आई ओरडायची, आणि तुम्ही म्हणायचा, ती पंचाला शिव्या घालत नाही, बाकी सगळे घालतात, एक तरी माणूस बरोबर पाहिजे. काल टीव्हीवर लाख माणसं ओरडत होती आणि मला ते सिमेंटच्या पायरीचं तापणं आठवत होतं, फ्रॉकमधून चटका बसायचा ते. बसायला तुमची टोपी द्यायचा. आता हंगाम सुरू झाला की वहिनीला सोबत न्या हवं तर. पण माझ्या पायरीवर बसवू नका. दोन हात पलीकडं बसवा.

आणि तुम्ही विचाराल म्हणून सांगते, फिट्झरॉयची पेठ अजून आहे. ब्रन्सविक स्ट्रीटचं त्यांचं जुनं मैदान पण जागेवर आहे. तिथं फिट्झरॉय नावाचा क्लब हौशी लीगमध्ये आता पुन्हा खेळतो. ओमला घेऊन एकदा जाणार आहे. आजीबाई येणार नाहीत म्हणाल्या. त्या एका गुणाचा राग आहे त्यांना, जो त्यांच्या जन्माच्या कितीतरी आधी गेला. हे तर शुद्ध कोल्हापूर झालं!

जंक्शन ओव्हलवर हल्ली क्रिकेट चालतं. सेंट किल्डा क्रिकेट क्लबचं मैदान ते, शेन वॉर्न तिथलाच. आबांना हे आधी सांगितलं असतं तर बाकीचं पत्र त्यांनी ऐकलंच नसतं, म्हणून शेवटी ठेवलं.

आता काकीचं, जे आधी मनात वाच. रूपालीला पर्थचा मुलगा सांगून आलाय आणि काकी म्हणते, "तुझी सोबत होईल तिला." आई, मेलबर्नहून पर्थ विमानानं चार तास. तिनं मीठ संपलं म्हणून हाक मारली तर मी बंगालच्या उपसागराएवढं अंतर कापून जायचं का? पण मुलगा चांगला वाटतो. फोटोत हसलाय, दात दिसतात. नोकरी खाणीत आहे म्हणाला ते खरं असेल, तिकडं खाणीच आहेत. फक्त दोन आठवडे कामावर आणि एक आठवडा घरी, असली पाळी असते का ते बंडूमामाला विचारायला सांग. काकीनं विचारलं तर भांडण होईल, मामानं विचारलं तर चहा होईल. आणि लग्न मेमध्ये धरत असाल तर आत्ताच सांगा, तिकिटं नंतर परवडत नाहीत. मला येताना काय आणू विचारू नका, यादी करा.

ओमला पाठवलेला सदरा आत्ताच आखूड होतोय. दसऱ्याला घालेल, दिवाळीपर्यंत नाही. पुढच्या वेळी दोन मापं मोठा घे. जावईबापूंचा तुम्हा दोघांना नमस्कार. त्यांचं पोट तू विचारलंस तसं आहे, कमी नाही.

तुमची,
माई

ता. क. : येत्या रविवारपासून इथं घड्याळ एक तास पुढं करतात. म्हणजे साडेचाराऐवजी साडेपाच तासांचा फरक. निरांजन लावून लगेच फोन करशील तर आमच्याकडं साडेबारा वाजलेले असतील. काळजी दुपारच्या चहाला करत जा.

ता. क. २ : गवारीचं बी लपवून पाठवायची दादाची कल्पना वाचली. नको. दंड त्याच्या बुलेटच्या किमतीएवढा बसेल, म्हणजे विकली त्या किमतीएवढा नव्हे, घेतली त्या.